पाच डॉलरची टेप, नव्वद डॉलरची कॅसेट: व्हिडिओ कॅसेट एवढ्या महाग का होत्या?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की व्हिडिओ कॅसेट तर आता भंगारात गेल्या, त्यांच्या किमतीची चर्चा कशाला? पण त्या किमतीच्या मागे एक प्रश्न आहे, आणि तो आजही सुटलेला नाही: आपण एखादी वस्तू विकत घेतो, तेव्हा नेमकं काय विकत घेतो?

सुरुवात घरातल्याच एका गोष्टीने करतो. माझे मामा ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीत राहायचे. १९८७च्या उन्हाळ्यात त्यांनी जवळच्या दुकानातून एक चित्रपट भाड्याने आणला. भाडं दोन-अडीच डॉलर. परत करायला निघाले, वाटेत दुसरं काम निघालं, आणि कॅसेट गाडीत काचेमागे उन्हात राहिली. प्लॅस्टिक वाकलं, कॅसेट गेली. मामा दुकानात गेले आणि म्हणाले, "चूक माझी आहे, भरपाई देतो." त्यांच्या मनात दहा-पंधरा डॉलरचा आकडा होता, कारण कोरी कॅसेट बाजारात पाच-सहा डॉलरला मिळायची. दुकानदाराने सूचीपत्रक पुढे केलं: ८९.९५ डॉलर. मामांना वाटलं, हा माणूस आपल्याला लुबाडतोय.

पण त्याच दुकानात गल्ल्याजवळ 'टॉप गन' विक्रीला मांडला होता. नवाकोरा, गाजलेला चित्रपट. किंमत २६.९५ डॉलर.

मामा हे आम्हाला पुढे कितीतरी वर्षं सांगायचे. तसंच प्लॅस्टिक, तेवढीच टेप, तेवढीच लांबी. मग एक कॅसेट सत्तावीसची आणि एक नव्वदची का? दुकानदार खोटं बोलत नव्हता. ती किंमत खरीच होती. ती तशी का होती, हे आज बघू.

पहिलं उत्तर: बनवायला खर्च येतो

सगळ्यांना आधी हेच सुचतं, आणि सुरुवातीच्या काळापुरतं त्यात तथ्यही आहे.

व्हीएचएस कॅसेटमधली टेप अर्ध्या इंचाची. अमेरिकन पद्धतीत नेहमीच्या वेगाने ती सेकंदाला साधारण ३३ मिलिमीटर सरकते. दोन तासांचे सेकंद ७,२००. गुणाकार केलात तर दोन तासांच्या चित्रपटाला सुमारे २४० मीटर टेप लागते. पाव किलोमीटरला थोडी कमी! ती टेप, तिच्यावरचा चुंबकीय लेप, आत स्प्रिंगा, रिळं, स्क्रू, बाहेर छापील खोका, असा सगळा ऐवज.

पण टेपपेक्षाही अडचण होती ती नक्कल करण्याची. गाण्याची ऑडिओ कॅसेट कारखान्यात मूळ वेगाच्या कितीतरी पट वेगाने भरता येते. तासाभराची गाणी एक-दोन मिनिटांत उतरतात. व्हिडिओत हे सहज जमत नव्हतं. चित्राच्या संकेतात माहिती प्रचंड असते. ती टेपवर तिरप्या रेषांत लिहायला डोकं असलेलं एक पिंप मिनिटाला १,८०० वेळा फिरत असतं. ते आणखी तीसपट वेगाने कसं फिरवणार? म्हणून दोन तासांचा चित्रपट उतरवायला दोन तासच लागायचे. कारखाना म्हणजे काय, तर मोठ्या खोल्या आणि त्यांत शेकड्यांनी लावलेले व्हीसीआर. एका मूळ टेपवरून सगळ्यांना संकेत जातोय, कामगार कोऱ्या कॅसेट घालतायत, दोन तास थांबतायत, भरलेल्या काढतायत. ऐंशीच्या दशकात पुढे आरशातल्या प्रतिमेसारख्या मूळ टेपला कोरी टेप चिकटवून, छापा उमटवावा तशी नक्कल करणारी जलद यंत्रं आली. तोवर काम असंच चालायचं.

म्हणजे कॅसेट काही फुकट बनत नव्हती. पण खर्च धरून धरून किती धराल? ऐंशीचं दशक संपता संपता टेप, भरणं, खोका हे सगळं काही डॉलरांत होत होतं. नव्वद डॉलरचा हिशोब यातून लागत नाही. आणि 'टॉप गन'चं काय? त्यालाही हाच खर्च होता.

दुसरं उत्तर: कलाकारांना पैसे द्यावे लागतात

हेही लोक म्हणायचे. १९८० साली अमेरिकेत नटांच्या संघटनेने मोठा संप केला. व्हिडिओ आणि पैसे भरून बघायच्या टीव्हीच्या उत्पन्नात आपल्याला वाटा हवा, ही त्यांची मुख्य मागणी होती. वाटा मिळालाही. पण हिशोबाची एक गंमत बघा. या धंद्यात रीत अशी पडली, की कॅसेटच्या घाऊक किमतीचा फक्त पाचवा हिस्सा, वीस टक्के, 'चित्रपटाचं उत्पन्न' म्हणून धरायचा आणि ज्यांना टक्केवारी द्यायची त्यांना ती त्या विसातून द्यायची. उरलेले ऐंशी टक्के व्हिडिओ वितरण करणाऱ्या कंपनीकडे. ती कंपनी बहुतेकदा त्याच स्टुडिओची. सुरुवातीला कारण सांगितलं गेलं की कॅसेट बनवणं महाग आहे. पुढे बनवणं स्वस्त झालं, पण वीस टक्के वीसच राहिले. तेव्हा किंमत कलाकारांमुळे चढली, असंही म्हणता येत नाही.

मग खरं कारण काय? त्यासाठी जरा मागे जाऊ.

पन्नास चित्रपट आणि एक दुकान

चित्रपट घरी बघायला भाड्याने द्यावेत ही कल्पना व्हीएचएसच्याही आधीची आहे. १९७२ साली अमेरिकेत 'कार्ट्रिव्हिजन' नावाचं यंत्र आलं. त्याच्या कॅसेट दोन रंगांच्या. काळ्या विकत मिळायच्या. लाल फक्त भाड्याने, आणि त्यांत गाजलेले चित्रपट असायचे. लाल कॅसेटची खुबी अशी, की ती घरच्या यंत्रावर मागे फिरवताच यायची नाही! एकदा बघितली की संपली. मागे फिरवायचं यंत्र फक्त दुकानात. म्हणजे दर वेळच्या बघण्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, हा विचार पहिल्या दिवसापासून होता. ते यंत्र वर्षभरात बुडालं. पण तो विचार बुडाला नाही.

नंतर १९७५ साली सोनीचं बेटामॅक्स आलं, १९७६ साली जपानमध्ये व्हीएचएस आलं, आणि १९७७ साली ते अमेरिकेत पोहोचलं. यंत्राची किंमत सुमारे हजार डॉलर. स्टुडिओ साशंक होते. मिशिगनमध्ये आंद्रे ब्ले नावाचा एक उद्योजक होता, त्याची 'मॅग्नेटिक व्हिडिओ' नावाची नकला करून देणारी कंपनी होती. त्याने स्टुडिओंना विचारलं, तुमचे चित्रपट कॅसेटवर विकायला द्याल का? ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने होकार दिला. पन्नास चित्रपट, त्यांत 'पॅटन', 'मॅश', 'द फ्रेंच कनेक्शन' अशी नावं. १९७७ साली ब्लेने टीव्हीच्या कार्यक्रमांच्या एका साप्ताहिकात जाहिरात दिली आणि टपालाने कॅसेट विकायला सुरुवात केली. किंमत सुमारे पन्नास डॉलर.

इथे लक्षात घ्या, पन्नास डॉलर ही त्याने *विक्रीचीच* किंमत म्हणून ठेवली होती. गिऱ्हाईक कोण? ज्याने हजार डॉलरचं यंत्र घेतलंय तो. त्याला पन्नास जड नव्हते. गिऱ्हाईक थोडे, कारखाना लहान, धोका मोठा. नवीन वस्तूचा भाव असाच असतो.

आता गोष्टीत दुसरा माणूस येतो. जॉर्ज ॲटकिन्सन, लॉस एंजेलिसच्या विल्शर बूलेवार्डवर छोटंसं दुकान. त्याने या पन्नास चित्रपटांच्या कॅसेट पैसे मोजून घेतल्या आणि १९७७ संपता संपता त्या *भाड्याने* द्यायला लागला. वर्षाची वर्गणी ५० डॉलर, आजीव १००, आणि एका दिवसाचं भाडं १० डॉलर. आज दहा डॉलर ऐकून आपण दचकतो, पण तेव्हा लोकांनी रांग लावली. कारण पन्नास डॉलर देऊन कपाटात ठेवावा असा चित्रपट क्वचित असतो, पण एका संध्याकाळपुरता बघावासा वाटणारे शेकडो असतात.

बघता बघता देशभर अशी दुकानं झाली, आणि स्टुडिओंना घाम फुटला. एक कॅसेट विकली, पैसे एकदाच मिळाले. दुकानदार मात्र तीच कॅसेट पन्नास वेळा, शंभर वेळा फिरवतोय आणि त्यातला एक सेंटही स्टुडिओला देत नाही.

मग स्टुडिओंनी ते थांबवलं का नाही? कारण त्यांना थांबवता येत नव्हतं.

१९०८ सालची एक कादंबरी

हा आजच्या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

अमेरिकेत बॉब्स-मेरिल नावाचे प्रकाशक होते. त्यांनी 'द कॅस्टअवे' नावाच्या कादंबरीत एक सूचना छापली: या पुस्तकाची किरकोळ किंमत एक डॉलर, त्याहून कमीत विकायचा परवाना कोणाही विक्रेत्याला नाही, कमीत विकलं तर कॉपीराइटचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ते ८९ सेंटला विकलं. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९०८ साली निकाल लागला: कॉपीराइटवाल्याला ती प्रत *पहिल्यांदा* विकण्याचा हक्क आहे. एकदा विकल्यावर त्या प्रतीचं पुढे काय होतं यावर त्याची सत्ता नाही.

याला 'पहिल्या विक्रीचं तत्त्व' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मुलगी दिली सासरी, आता तिथल्या स्वयंपाकात नाक खुपसू नका. विकत घेणारा ते पुस्तक विकेल, दान करेल, उसनं देईल, भाड्याने देईल. त्याने *नक्कल* मात्र करायची नाही. रद्दीतली पुस्तकांची दुकानं, वाचनालयं हे सगळं याच तत्त्वावर उभं आहे. १९७६च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्यात ते स्पष्ट कलम म्हणून आलं.

आणि व्हिडिओ कॅसेट ही कायद्याच्या नजरेत पुस्तकासारखीच एक प्रत होती. ॲटकिन्सनने कॅसेट विकत घेतली, ती त्याची झाली. भाड्याने देतो म्हणाला, तर कायदा त्याच्या बाजूने.

इथे एक गल्लत होते ती आधीच दूर करतो. सोनीविरुद्ध युनिव्हर्सल हा जो प्रसिद्ध खटला, ज्याचा निकाल १९८४ साली पाच विरुद्ध चार असा लागला, तो टीव्हीवरचा कार्यक्रम घरी *रेकॉर्ड* करण्याबद्दल होता. भाड्याचा प्रश्न वेगळा होता.

स्टुडिओंनी प्रयत्न सोडले नाहीत. डिस्नेने विक्रीच्या आणि भाड्याच्या कॅसेट वेगवेगळ्या करून पाहिल्या. वॉर्नरने १९८१ साली असं ठरवलं की कॅसेट विकायच्याच नाहीत, दुकानदारांनाही त्या भाड्यानेच द्यायच्या. विक्रीच नाही तर पहिली विक्री कुठली! युक्ती हुशारीची होती, पण दुकानदार चिडले आणि योजना गुंडाळावी लागली. कायदाच बदला, असं विधेयकही काँग्रेसमध्ये आलं. तिथे दुकानदारांनी जोर लावला, आणि तोवर भाड्याची सवय लागलेले मतदार घरोघरी होते. विधेयक पडून राहिलं.

गंमत म्हणजे गाण्यांच्या बाबतीत तसाच कायदा १९८४ साली मंजूर झाला. मालकाच्या परवानगीशिवाय रेकॉर्ड भाड्याने द्यायची नाही. म्हणून अमेरिकेत गल्लोगल्ली चित्रपट भाड्याने देणारी दुकानं दिसली, पण गाणी भाड्याने देणारी दिसली नाहीत. फरक तंत्रज्ञानाचा नव्हता, फक्त कोणाचा कायदा मंजूर झाला याचा होता.

मग उरली एकच कळ: किंमत

आता स्टुडिओच्या खुर्चीत बसून विचार करा. भाड्यात वाटा मागता येत नाही. भाडं थांबवता येत नाही. पहिल्या विक्रीनंतर हात बांधलेले. मग काय करायचं? सगळे पैसे पहिल्या विक्रीतच वसूल करायचे. पुढे होणाऱ्या सगळ्या भाड्यांचा आपला हिस्सा आधीच अंदाजाने किमतीत घालून मोकळं व्हायचं.

म्हणून पन्नासची कॅसेट सत्तरची झाली, ऐंशीची झाली, नव्वदची झाली. ही किंमत तुमच्या-माझ्यासाठी नव्हतीच. ती दुकानदारासाठी होती. एखाद्या रिक्षाची किंमत प्रवाशाने बघायची नसते, रिक्षावाल्याने बघायची असते, तसं. मामांना जे सूचीपत्रक दाखवलं ते भांडवली यंत्राच्या किमतीचं होतं.

दुकानदाराला ते कसं परवडायचं? सोयीसाठी गोल आकडे घेऊ. छापील किंमत ९० असली तर घाऊक व्यापाऱ्याकडून दुकानदाराला ती साधारण ६० ला पडते असं धरा. भाडं अडीच डॉलर. साठ भागिले अडीच, चोवीस. चोवीस वेळा कॅसेट बाहेर गेली की पैसे सुटले. नवीन चित्रपटाला पहिले दोन महिने मागणी असते, तेवढ्यात चोवीस वेळा जाऊ शकते. पुढचं सगळं दुकानदाराचं.

आता स्टुडिओचा हिशोब. समजा एका दुकानात या चित्रपटाच्या दहा प्रती जातात. वितरणाचा मधला खर्च सोडून देऊ. प्रतीमागे ६०, त्यातून बनवण्याचे ३ वजा, उरले ५७. दहा प्रतींचे ५७०. आता किंमत उतरवून २५ केली, तर घाऊक भाव साधारण १५. त्यातून तेच ३ गेले, उरले १२. तेच ५७० मिळवायला किती प्रती विकायला हव्यात? ५७० भागिले १२, म्हणजे अठ्ठेचाळीस. दहाच्या जागी अठ्ठेचाळीस!

दुकानदार काही अठ्ठेचाळीस घेणार नाही. फार तर पंधरा घेईल. उरलेल्या तेहतीस कॅसेट घरी न्यायला सामान्य माणसं पुढे आली पाहिजेत. म्हणजे दर चित्रपटामागे स्टुडिओ एकच प्रश्न विचारत होता: *हा चित्रपट लोक एकदा बघतील, की पुन्हा पुन्हा?*

एकदाच बघण्यासारखा असेल तर ८९.९५. पुन्हा पुन्हा बघण्यासारखा असेल तर २५. मामांच्या दोन कॅसेटमधला फरक एवढाच होता. दुसऱ्या प्रकाराला धंद्यात 'सेल-थ्रू' म्हणायचे, म्हणजे दुकानात न थांबता थेट घरापर्यंत विकली जाणारी.

कोणी धाडस केलं

हे कोणा एकाने कागदावर ठरवलं नाही, प्रयोग करत करत समजत गेलं. १९८२ साली पॅरामाउंटने 'स्टार ट्रेक'चा दुसरा चित्रपट नेहमीच्या जवळपास निम्म्या किमतीला, ३९.९५ ला आणला. खप एकदम वाढला. पाठोपाठ 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' त्याच किमतीला. जेन फोंडाच्या व्यायामाच्या कॅसेटने वेगळा धडा दिला. ती काही स्वस्त नव्हती, पण व्यायाम रोज करायचा असतो, तो भाड्याने कसा आणणार? लोकांनी ती विकत घेतली. १९८७ साली 'टॉप गन' २६.९५ ला आला, आणि तेवढ्या कमी किमतीला तो परवडावा म्हणून कॅसेटच्या सुरुवातीला डाएट पेप्सीची जाहिरात घातली. १९८८ साली 'ई.टी.' २४.९५ ला आला आणि त्याच्या सुमारे दीड कोटी प्रती खपल्या. बनावट प्रती ओळखता याव्यात म्हणून त्या कॅसेटचं झाकण हिरवं ठेवलं होतं.

डिस्नेला तर खजिनाच सापडला. लहान मूल एकच चित्रपट किती वेळा बघतं हे घरात मूल असलेल्या कोणालाही विचारा. तिथे भाडं परवडतच नाही, कॅसेट घेऊनच टाकावी लागते.

पण या वाटणीत बळी कोण गेलं, हेही बघितलं पाहिजे. मधला, शांत, मोठ्यांसाठीचा चित्रपट. परदेशी भाषेतला चित्रपट. माहितीपट. तो ना पंचवीसला आणता यायचा, ना नव्वदला दुकानदार त्याच्या दोन-चार प्रती घ्यायचा. मोठ्या शहरात एखादं दुकान एक प्रत घेईल, गावात शून्य. गाजलेल्या चित्रपटाचाही त्रास होताच. शनिवारी संध्याकाळी दुकानात जा, रिकामे खोके मांडलेले आणि कॅसेट सगळ्या बाहेर. साठ डॉलरची वस्तू दोन महिन्यांनी धूळ खाणार, म्हणून दुकानदार मोजूनमापून घ्यायचा. चढ्या किमतीने गिऱ्हाइकाचा खिसा कापला नाही, पण त्याची निवड कापली.

किंमत पडली कशी

यावर तोड निघायला वीस वर्षं लागली. १९९८च्या सुमारास ब्लॉकबस्टर या सर्वांत मोठ्या साखळीने स्टुडिओंशी करार केले. कॅसेट जवळपास खर्चाच्या भावात द्या, साठ-पासष्टच्या जागी आठेक डॉलरला, आणि बदल्यात भाड्याच्या उत्पन्नात मोठा वाटा घ्या. म्हणजे कायद्याने जे मिळालं नाही ते कराराने मिळवलं. दुकानात प्रती वाढल्या, 'सगळ्या बाहेर गेल्यात' हे कमी झालं. पण लहान दुकानदाराला असा करार सहज मिळेना. तो अजून साठच मोजत होता. त्यातली कितीतरी दुकानं पुढे बंद झाली.

तेवढ्यात १९९७ साली अमेरिकेत डीव्हीडी आली होती. वॉर्नरने सुरुवातीपासून आग्रह धरला की ही वस्तू विकण्यासाठीच स्वस्त ठेवायची. मग काही वर्षं असं दृश्य दिसलं: एकच चित्रपट, एकाच आठवड्यात, कॅसेट शंभर डॉलरच्या घरात आणि डीव्हीडी वीस-पंचवीसला. चित्र डीव्हीडीचं चांगलं, आवाज चांगला. किंमत बनवण्याच्या खर्चावर ठरत नव्हती याला याहून मोठा पुरावा कुठला द्यायचा?

आपल्याकडे

आता आपल्याकडे वळू. इथे गोष्ट उलटी घडली.

१९८२च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, बाहेरून व्हीसीआर येऊ लागले. आखातातून परतणारा माणूस टेपरेकॉर्डर आणि व्हीसीआर घेऊनच उतरायचा. तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल, रात्रभरासाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्याने आणायच्या, वर्गणी काढायची, आणि चाळीच्या गच्चीवर किंवा अंगणात सगळ्यांनी पहाटेपर्यंत बसायचं.

आपल्या कायद्यात १९८४ साली व्हिडिओसाठी दुरुस्ती झाली. शिक्षा वाढली, आणि कॅसेटवर निर्मात्याचं नाव-पत्ता, कॉपीराइटवाल्याचं नाव, सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत हे सगळं देणं बंधनकारक झालं. आणि १९९४च्या दुरुस्तीने स्पष्ट झालं की चित्रपटाची प्रत आधी विकली गेलेली असली तरी ती पुन्हा विकण्याचा, भाड्याने देण्याचा हक्क तेव्हा मालकाकडेच राहत होता. म्हणजे अमेरिकेतल्या स्टुडिओंना जे विधेयक मंजूर करून घेता आलं नाही, त्याहून जास्त इथल्या निर्मात्याला कागदावर मिळालं होतं.

मग इथे अधिकृत कॅसेटचा धंदा भरभराटीला आला का? नाही. कारण भाव ठरवत होता चोरून नक्कल करणारा. चित्रपट लागायच्या आसपासच त्याची कॅसेट गल्लीत हजर. त्यामुळे 'हम आपके हैं कौन'च्या वेळी, १९९४ साली, निर्मात्यांनी व्हिडिओ बाजारात आणायचंच लांबवलं आणि लोकांना चित्रपटगृहात ओढलं. तिकडे हक्क नव्हता म्हणून किंमत चढवली. इकडे हक्क होता, पण तो वापरता येईना म्हणून कॅसेटच रोखली. दोन्हीकडे प्रश्न एकच: पहिल्या विक्रीनंतर वस्तू हातातून गेली की काय?

आज काय उरलं

आज हा प्रश्न स्टुडिओंनी कायमचा सोडवलाय. त्यांनी विकण्याऐवजी नुसतं बघू देण्यावर भर दिला. महिन्याचे पैसे भरा आणि बघा. वॉर्नरला १९८१ साली जे साधलं नाही ते आज प्रत्येकाला साधलंय. विक्री नाही, म्हणून पहिली विक्री नाही, म्हणून तुमचा हक्क नाही. चित्रपट उद्या यादीतून गेला, तर गेला. 'खरेदी करा' असं बटण दाबून घेतलेलासुद्धा बहुतेक ठिकाणी परवानाच असतो, वस्तू नसते. तो मित्राला देता येत नाही, मुलासाठी ठेवता येत नाही, वाचनालयाला दान करता येत नाही.

नव्वद डॉलरच्या कॅसेटचं आणखी एक अंग इथे दिसतं. किंमत अवाजवी असेल, पण ते देणारा दुकानदार त्या वस्तूचा *मालक* होता. म्हणून अमेरिकेतल्या सार्वजनिक वाचनालयांनी कॅसेट फुकट वाचकांना दिल्या, कोणाची परवानगी न मागता. म्हणून सिॲटलमधल्या स्केअरक्रो व्हिडिओसारखं दुकान २०१४ साली ना-नफा संस्था होऊन आपला संग्रह जपू शकलं. कितीतरी चित्रपट असे आहेत जे कॅसेटवर आले आणि नंतर कधीच डीव्हीडीवर किंवा इंटरनेटवर अधिकृतपणे आले नाहीत. ते आज बघायला मिळतात, कारण कुणीतरी केव्हातरी ती महाग कॅसेट *विकत* घेतली होती.

मामांनी ते ८९ डॉलर भरले, बरं का. दुकानदाराने वाकडी कॅसेट त्यांनाच देऊन टाकली. "आता ही तुमची," म्हणाला. मामा चिडून सांगायचे, पण दुकानदाराचं ते वाक्य कायद्याच्या दृष्टीने अगदी बरोबर होतं. आज कोणतंही ॲप आपल्याला ते म्हणत नाही.



श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: म्हणजे नव्वद डॉलर ही नफेखोरी होती की नाही?*

दर भाड्यात स्टुडिओला वाटा मिळायला हवा हे म्हणणं मला गैर वाटत नाही. चित्रपट त्यांनी बनवलाय. पण वाटा आधीच वसूल करायचा म्हटलं की अंदाज करावा लागतो, आणि अंदाज स्वतःच्या बाजूनेच केला जातो. त्यात गाजलेला चित्रपट तरून जातो, छोटा मरतो. नफा किती झाला यापेक्षा ही पद्धत ढोबळ होती, हा माझा आक्षेप आहे.

*प्रश्न: दोन व्हीसीआर जोडून लोक घरीच नक्कल करायचे. त्यामुळे किंमत वाढली नाही का?*

त्याची भीती होती हे खरं. म्हणून १९८५पासून 'मॅक्रोव्हिजन' आलं, पहिल्यांदा 'द कॉटन क्लब' या चित्रपटाच्या कॅसेटवर. त्याने मूळ कॅसेट नीट दिसते, पण नक्कल केली की चित्र उजळ-अंधुक होत राहतं. तरी किंमत याने ठरली असं म्हणता येत नाही. नकलेची भीती सर्वांत जास्त कशाला? 'ई.टी.'सारख्या सगळ्यांना हव्या असलेल्या चित्रपटाला. आणि नेमका तोच स्वस्त विकला गेला. स्वस्त वस्तूची नक्कल करायच्या फंदात लोक कमी पडतात.

*प्रश्न: आमच्या घरी लग्नाच्या, जुन्या नाटकांच्या कॅसेट आहेत. त्यांचं काय करावं?*

उशीर करू नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई, तिने २०१६ साली उत्पादन थांबवलं. यंत्रं आता दुरुस्तीवर चालली आहेत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत टेपला बुरशी येते. पांढरे ठिपके दिसले तर घरच्या यंत्रात घालू नका, टेपही जाईल आणि यंत्राचं डोकंही. जाणकाराकडून साफ करून डिजिटल करून घ्या, आणि दोन ठिकाणी ठेवा. तोवर कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. उन्हात ठेवलं की काय होतं, ते मामांनी आधीच करून बघितलंय.